विकायचे कपडे आधी उजेडात धरा, मग पाण्यात घाला

पत्र

ताई, घरून काम सुरू झाल्यापासून ऑफिसचे कपडे कपाटात नुसते लटकून आहेत. मुलं वाढली, त्यांच्या कपड्यांचा ढीग वेगळाच. म्हणून ऑनलाइन विकायला काढले. सगळे एकदम मशीनला लावले, पाणी चांगलं गरम, वर दुप्पट कंडिशनर, मग कडक इस्त्री. फोटोत अगदी चकाचक दिसत होते, तरी दोन परत आले. एकीचं म्हणणं, पांढऱ्या शर्टाच्या काखा पिवळ्या आहेत. दुसरीचं म्हणणं, जॅकेटला घामाचा वास येतो. मला तर फक्त कंडिशनरचाच येतो! बहीण म्हणते, लेबलं कापून टाक आणि बारीकसारीक भोकांबद्दल बोलूच नकोस, जुनं म्हटल्यावर लोक समजून घेतात. नवरा म्हणतो, एवढ्यासाठी कशाला जीव काढतेस, देऊन टाक सगळं. अजून लोकरीचा कोट, रेशमी ब्लाउज, चार जीन्स आणि मुलांचे स्वेटर शिल्लक आहेत. किती करायचं आणि कुठे थांबायचं?

– हात टेकलेली

उत्तर

प्रिय ‘हात टेकलेली’,

परत आलेल्या दोन्ही कपड्यांचा घोटाळा धुण्याच्या आधीच झाला होता. राबलात तुम्ही भरपूर, पण कपडे कपाटातून निघाले ते थेट मशीनमध्ये गेले, मध्ये कुणी त्यांच्याकडे बघितलंच नाही. रोजच्या धुण्याला हे चालतं, कारण रोजचा शर्ट आपणच घालणार असतो आणि त्याच्या खोडी आपल्याला पाठ असतात. विकलेला कपडा अनोळखी माणसाच्या हातात पडतो. ती बाई पाकीट उघडते, आधी कॉलर उलटून बघते, मग काखा बघते, मग नाकाशी धरते. तिथे तिला जे कळेल ते तुम्हाला आधीच कळलेलं हवं आणि तुम्ही ते तिला आधीच सांगितलेलं हवं. माझ्या लेखी तयारी ती हीच, धुणं आणि इस्त्री त्यानंतरची.

शर्टाचं काय झालं ते सांगते. काखेतला पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो. घामातली प्रथिनं, त्वचेचा तेलकटपणा आणि घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार हे सगळं मिळून तो थर बसतो. कपाटात पडल्या पडल्या तो हळूहळू पिवळा होत जातो. शर्ट ठेवताना स्वच्छ वाटला असेलही, काढताना तसा राहिलेला नसतो. अशा डागावर पहिल्या झटक्यात कडक गरम पाणी पडलं की प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात, आणि त्यावर गरम इस्त्री फिरली की काम आणखी अवघड होतं. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांचंही असंच. पहिलं पाणी नेहमी थंड.

तो शर्ट टाकू नका, अजून आशा आहे. उलटा करा, थंड पाण्यात खळबळून काढा. मग ऑक्सिजन ब्लीचची पावडर घ्या. पाकिटावर घटकांत सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. ही पावडर पाण्यात विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि खरं काम तेच करतं. थंड पाण्यात ती आळशीपणा करते, म्हणून इथे मात्र चाळीसेक अंशांचं, हाताला छान कोमट लागेल असं पाणी घ्या. पाकिटावरच्या मापाने पावडर टाका, चार-सहा तास भिजत ठेवा आणि मग नेहमीसारखा धुवा. वाळवायचा तो वाऱ्यावर. वाळल्यावर खिडकीशी नेऊन बघा. डाग फिकटला असेल तर पुन्हा एकदा भिजवा. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्रीला हात लावायचा नाही. उरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुगते.

पांढऱ्या कपड्यावर आपला हात सवयीने क्लोरीनच्या ब्लीचकडे जातो. काखेच्या डागावर ते वापरू नका, पिवळेपणा बरेचदा वाढतो. लोकर आणि रेशमाला तर ते खाऊनच टाकतं. आणि ताणला जाणारा धागा ज्यात मिसळलाय, म्हणजे हल्लीच्या निम्म्या जीन्स आणि लेगिंग्ज, त्यांचा ताण त्याने मरतो.

आता जॅकेट. तुमच्या नाकाला फक्त कंडिशनरचा वास येतो कारण खालचा वास तुमच्या नाकाने केव्हाच स्वीकारलाय. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसंच हे. पॉलिस्टरचा धागा पाणी फारसं पीत नाही पण तेल धरून ठेवतो, आणि घामाचा वास त्या तेलकट थरातच मुरलेला असतो. म्हणून पॉलिस्टरचं अस्तर असलेलं जॅकेट सुती शर्टापेक्षा कितीतरी हट्टी. त्यावर कंडिशनर ओतलं की धाग्यावर आणखी एक पातळ थर चढतो, वास त्याच्याखाली दबतो आणि कपडा अंगावर गरम झाला की पुन्हा वर येतो. शिवाय ‘मस्त सुगंध’ आला की सराईत गिऱ्हाइकाला शंकाच येते, हे काय झाकताहेत म्हणून. कुणाला वासाची ॲलर्जी असते तो भाग वेगळाच. विकायच्या कपड्याला कसलाच वास नसावा.

जॅकेट लेबलवर पाण्याला परवानगी असेल तर उलटं करून धुवा. कंडिशनर नाही, साबण बेताचा आणि एकदा जादा पाण्यातून काढा. शेवटच्या पाण्यात पेलाभर पांढरं व्हिनेगर चालेल. ते क्लोरीन ब्लीचच्या जवळपासही फिरकू देऊ नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळायचा तो लोकप्रिय उपाय? फेस छान येतो. बाकी दोघं एकमेकांना मारतात आणि बादलीत उरतं जवळजवळ खारट पाणीच. वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या वेळी वापरा.

वास गेला की नाही हे स्वतः ठरवू नका. पूर्ण वाळलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत एक दिवस बंद करून ठेवा आणि मग घराबाहेरच्या कुणाला तरी पिशवी उघडून हुंगायला सांगा. मैत्रिणी हसतील, पण खरं सांगतील. डांबरगोळ्यांचा वास असेल तर धुण्याने फारसं साधत नाही. तो वास हवेत उडूनच जातो, त्याला ऊब आणि वारा लागतो. कपडे सावलीत मोकळे टांगा आणि आठवडा-दोन आठवडे विसरून जा. उन्हात टाकलेत तर लवकर जाईल, पण गडद रंगही सोबत जाईल.

बघायचं कसं

दिवसाउजेडी खिडकीपाशी उभ्या राहा. ट्यूबलाइटखाली पांढरा आणि पिवळसर यांतला फरक हरवतो. शर्ट समोर धरू नका, काचेवर धरा, म्हणजे उजेड कापडातून आरपार येईल. कोपर, कॉलरची घडी, पँट असेल तर मांड्यांच्या मधला भाग आणि बसायची जागा नीट बघा. कापड विरलं असेल तर तिथे उजेड जास्त येतो आणि आडवे-उभे धागे सुटे सुटे दिसतात. बाहेरून हात फिरवून हे कळत नाही. तिथे अजून भोक नाही, पण घेणारीने दोनदा बसून-उठून केलं की पडणार, आणि मग ती म्हणणार की फसवलं.

मग तोच कपडा तिरप्या उजेडात धरा. तेलाचे डाग, घासून आलेली चमक, गोळे हे सगळं तिरप्या उजेडात उठून दिसतं. कॉलर उलटा. बाहीची घडी उघडा. खिसे बाहेर ओढा, त्यांच्या कोपऱ्यांत कागदाचा लगदा, पेनाची शाई आणि क्वचित नोट निघते. चेन तीन-चारदा वर-खाली करा. इलॅस्टिक ताणून कानाजवळ धरा, कुरकुर ऐकू आली तर आतलं रबर सुकलंय आणि ते परत येत नाही. शिवणींवरून बोट फिरवा, टीप उसवली असेल तर बोट अडकतं.

हे करताना एक वही जवळ ठेवा. जे दिसेल ते तिथल्या तिथे लिहा, कारण पंधराव्या कपड्याला पहिल्याचं काय होतं ते आठवत नाही. हीच वही नंतर वर्णन लिहायला उपयोगी पडते.

या तपासणीतच पुष्कळ कपडे बाद होतील आणि तेच बरं. आतले कपडे, वापरलेले मोजे, ढिला पडलेला स्विमसूट, इलॅस्टिक गेलेल्या पँट, विरलेल्या जीन्स विकायला काढूच नका. सुती असतील तर फडक्यासाठी उत्तम. पॉलिस्टरचं फडकं मात्र पाणी इकडून तिकडे नुसतं ढकलतं, ते कापड गोळा करणाऱ्यांकडे गेलेलं बरं. तुमचे यजमान ‘देऊन टाक’ म्हणतात, पण विकायच्या लायकीचं नाही म्हणून दान करायचं हेही मला पटत नाही. घेणाऱ्यालाही अंगात घालायचंच असतं ना.

बहिणीचं म्हणणं

लेबलं अजिबात कापू नका. कापड कशाचं आहे, कसं धुवायचं, मूळ माप काय, हे सांगणारा तेवढाच एक पुरावा कपड्याजवळ असतो. लेबल नसलेला कपडा दिसला की गिऱ्हाईक आधी नकली माल समजतं. त्यावरची चिन्हं एकदा समजून घेतली की तुमचंही काम सोपं होतं. पाण्याचं टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंगसारखं व्यावसायिक काम. रिकामा त्रिकोण असेल तर कुठलंही ब्लीच चालतं, त्यात दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनवालं, आणि फुली असेल तर कुठलंच नाही. इस्त्रीच्या चित्रातली टिंबं उष्णता सांगतात, एक टिंब सगळ्यात कमी आणि तीन सगळ्यात जास्त.

जुन्या कपड्याचं तर वयसुद्धा लेबलवरून काढता येतं आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. लीव्हाइसच्या जीन्सच्या मागच्या खिशावर छोटी लाल पट्टी असते. 1971 च्या सुमारापर्यंत तिच्यावरच्या नावातलं ‘ई’ हे इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत असायचं, नंतर ते छोटं झालं. संग्राहक नेमकं तेच शोधतात. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल 1972 मध्ये सक्तीचं झालं, त्यामुळे तिथल्या कपड्याला असं लेबलच नसेल तर तो त्याआधीचा असू शकतो. तुमच्या चार जीन्समध्ये असं काही निघेल असं नाही, पण कुणा मोठ्यांचा जुना कोट किंवा जीन्स ढिगात असेल तर कात्री चालवण्याआधी विचारा. वयाने मोठा कपडा धुण्याआधीही विचारा. आणि चेनच्या ओढणीवर ‘वायकेके’ असं लिहिलेलं दिसलं तर वर्णनात ते जॅकेटचा ब्रँड म्हणून टाकू नका, लोक टाकतात म्हणून सांगते. ती 1934 साली टोकियोत सुरू झालेली चेन बनवणारी कंपनी आहे आणि जगभरच्या कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडच्या कपड्यांवर तिच्याच चेन असतात.

लेबलवरचं एकच काढा, मुलांची नावं. शाळेसाठी आपण मार्करने नाव, वर्ग, कधी फोन नंबरही लिहून ठेवतो. तेवढं खोडा किंवा वर पट्टी शिवा. मुलांच्याच कपड्यांचं आणखी एक. गळ्याशी किंवा टोपीला ओढायची नाडी असेल तर ती पूर्ण काढून टाका. घसरगुंडीत किंवा दारात नाडी अडकून मुलांचे गळे आवळले गेल्याचे प्रकार घडले आहेत, आणि लहान मुलांच्या कपड्यांत गळ्याशी नाडी ठेवायला कित्येक देशांच्या नियमांत मनाई आहे. सैल बटणं घट्ट शिवा, तान्ह्यांच्या तोंडात आधी तीच जातात.

भोकांबद्दल गप्प बसण्याचा सल्ला मात्र मला अगदीच चुकीचा वाटतो, आणि इथे मी नीतीच्या गोष्टी करत नाहीये. लोक जुन्याचा जुनेपणा समजून घेतात हे बहिणीचं खरंय, पण आधी सांगितलेला. न सांगितलेलं बारीक भोक घेणारीला फसवणूक वाटतं, सांगितलेलं भोक तिने स्वतः मान्य करून घेतलेलं असतं. भोक तेवढंच असतं. परत येण्याजाण्याचा खर्च आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिसणारा वाईट शेरा यांच्यापुढे थोडी कमी किंमत काहीच नाही. ‘पांढरा सुती शर्ट, उजव्या काखेत आतून फिकट पिवळसर छटा, बाहेरून दिसत नाही, फोटो 5 बघा.’ असं एक वाक्य पुरतं. ‘किरकोळ वापरलेला’, ‘थोडे वापराचे डाग’ असं मोघम लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात डाग असतो त्यापेक्षा मोठा होतो.

कोट, ब्लाउज आणि बाकीचं

कोटाकडे आधी जा, कारण त्यात काही निघालं तर ते बाकीच्या लोकरीतही असणार. कॉलरच्या खाली, खिशांच्या झाकणांखाली, अस्तर आणि लोकर जिथे जुळतात त्या शिवणीत बघा. बारीक खाल्लेल्या जागा, रेशमी जाळ्यासारखे धागे, वाळूच्या कणासारखी विष्ठा दिसली तर कसर लागलीय. उडणारं पाखरू कापड खात नाही, खातात त्याच्या अळ्या, आणि त्यांना लोकर, रेशीम, फर असं प्राण्यांपासून आलेलंच कापड लागतं. घामाने, अन्नाने मळलेलं असेल तर विशेषच. असा कोट कुणाला विकू नका, निदान आधी कसर मारल्याशिवाय तरी नाहीच. पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर सगळा दमटपणा कापडावरच बसतो. मग मोकळ्या हवेत नीट ब्रश करा.

कसर नसेल तर कोटाला पाण्याची गरजच नाही बहुतेक वेळा. रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, मऊ ब्रशने वरून खाली झाडा, वाफेने सुरकुत्या सोडवा. अस्तरावर डाग असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर लावायचा मोह आवरा. पुष्कळ कोटांचं अस्तर ॲसिटेटचं असतं आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन ते विरघळवून टाकतं, डागाच्या जागी भोक. लेबलवर फक्त ड्रायक्लीन लिहिलंय का? मग हिशोब करा. चांगला कोट ड्रायक्लीनचा खर्च वसूल करतो. साधा असेल तर ‘ब्रश करून हवेशीर ठेवलाय, ड्रायक्लीन केलेला नाही’ असं लिहून द्या. करून आणलात तर त्यावरची प्लास्टिकची पिशवी लगेच काढा आणि दिवसभर वारा लागू द्या.

रेशमी ब्लाउज हे प्रथिनाचंच कापड, लोकरही तशीच. जैविक किंवा एन्झाइमवाली डिटर्जंट प्रथिनाचे डाग पचवतात म्हणून चांगली असतात, पण त्यांना काय ठाऊक की डाग कुठला आणि कापड कुठलं. ती रेशीमही पचवायला घेतात. म्हणून लेबल परवानगी देत असेल तर थंड पाणी, नाजूक कपड्यांचं सौम्य लिक्विड, दोन मिनिटं हलक्या हाताने खळबळणं आणि मग न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपणं. वर सांगितलेली परकार्बोनेटची पावडर इथे चालत नाही, तिचं पाणी रेशमाला फार कडक पडतं. धुण्याआधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा कपडा दाबून बघा, रंग उतरला तर घरी धुऊच नका.

स्वेटरचे गोळे म्हणजे सैल झालेले आखूड धागे एकमेकांत गुंतून झालेल्या गाठी. निव्वळ लोकरीचे गोळे काही दिवसांनी आपोआप गळतात, पॉलिस्टर-ॲक्रिलिक मिसळलेलं असेल तर मजबूत धागा त्यांना धरून ठेवतो. बॅटरीवरचं लिंट रिमूव्हर वापरा, स्वेटर टेबलावर सपाट ताणून आणि जोर न लावता. दाढीच्या ब्लेडने करू नका, एखादा फंदा तुटला की विणकाम तिथूनच उसवत जातं. धुतलेला स्वेटर टांगायचा नाही, पसरून वाळवायचा.

जीन्स उलट्या करून थंड पाण्यात धुवा, विटायच्या कमी होतात. तेलाचा डाग असेल तर कोरड्यावरच भांड्यांचं लिक्विड चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग धुवा. ओल्या कापडात तेलाचा डाग दिसत नाही, त्यामुळे ‘गेला’ म्हणून खूश होण्याआधी वाळू द्या. चेन अडत असेल तर दातांवर मेणबत्ती किंवा पेन्सिलचं शिसं घासा. तुटलेल्या बटणासाठी बाजूच्या आतल्या शिवणीला लावलेल्या लेबलकडे बघा, कंपन्या जादा बटण तिथेच शिवून ठेवतात आणि आपण वर्षानुवर्षं ते बघत नाही.

कुठे थांबायचं

बटण, उसवलेली टीप, लोंबणारा धागा, गोळे. इथवरची दुरुस्ती करा. ही पाच-दहा मिनिटांची कामं आहेत आणि फोटोत लगेच दिसतात. चेन बदलणं, रफू, अस्तर घालणं हे फक्त चांगल्या कोटाला किंवा नावाजलेल्या जॅकेटला. रंगवणं कशालाच नको. घरी रंगवलेल्या काळ्या जीन्सची शिवण बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, तो दोरा साधा रंग घेत नाही आणि सगळ्या टीपा उठून दिसतात. वर घेणारीच्या सोफ्यावर रंग उतरला की झालंच. साध्या टी-शर्टामागे तासभर घालवावा लागत असेल तर तिथे यजमानांचं ऐका.

कडक इस्त्रीही सगळ्याला नको. सुती आणि लिननला हवी. गडद लोकर आणि पॉलिस्टरवर सरळ इस्त्री फिरवली की चकाकी येते आणि ती जात नाही, तिथे उलट बाजूने किंवा वर ओलसर सुती कापड ठेवून करा. छापील चित्रावर थेट इस्त्री कधीच नाही.

मापं धुऊन वाळल्यावरच घ्या, आटायचं ते आटून झालेलं असतं. कपडा टेबलावर सपाट, बटणं लावलेली, न ताणता. शर्टाला काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, बाही आणि लांबी. पँटला कंबर, मांडी, आतल्या शिवणीची लांबी आणि समोरून कमरेपासून मधल्या शिवणीपर्यंतची उंची. काखेपासून काखेपर्यंतचं, कमरेचं आणि मांडीचं माप सपाट आहे, दुप्पट करायचं आहे, असं लिहा, नाहीतर कुणीतरी विचारतंच. लेबलवरच्या ‘मीडियम’ला काही अर्थ नाही, एका कंपनीचा मीडियम दुसरीचा लार्ज असतो आणि तीच कंपनी दहा वर्षांत माप बदलते.

फोटो सकाळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. समोरून, मागून, ब्रँडचं लेबल, कापडाचं लेबल, आणि वहीत लिहिलेला प्रत्येक दोष जवळून, शेजारी एखादं नाणं ठेवून म्हणजे आकार कळेल. गडद निळा फोटोत काळा दिसतो, म्हणून रंग शब्दांतही लिहा. फोटो उजळ करायच्या फिल्टरने पांढऱ्या शर्टाचा पिवळेपणा पुसला जातो. तुमचा पहिला शर्ट फोटोत ‘चकाचक’ दिसत होता तो असाच तर नव्हे? जरा तपासा.

कोट आणि स्वेटर थंडी सुरू व्हायच्या आधी लावा, भर उन्हाळ्यात कुणी बघत नाही.

विकलं गेलं की इस्त्री केलेला कपडा गरम असताना पाकिटात कोंबू नका. त्यातली वाफ आत अडकते आणि वाटेत कुबट वास धरतो. तासभर टांगून पूर्ण गार होऊ द्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. साधा पांढरा कागद, मग पातळ प्लास्टिक, मग पाकीट. आणि कपडा चिकटपट्टीपासून दूर ठेवा, पुष्कळ जण पाकीट कात्रीने सरळ कापतात आणि त्या कात्रीत बाहीही येते.